अकरा नंबरचा खांब

पेपरात तुझा फोटो आला, लिगोर,
सातव्या पानावर,
जिथं वारलेल्यांचे चौकोन असतात.
तू टाय बांधला आहेस.
मी तुला टायमध्ये कधी पाहिलं नव्हतं.
कुणाच्या तरी लग्नातला कापून काढला असणार,
तुझ्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे, मनगटापर्यंत.

खाली लिहिलंय: निवृत्त फिटर, टिपर वर्कशॉप.
गिटारचं नाव नाही.

एकोणनव्वद साल. कुडचडे, फेस्ताची दुसरी रात्र.
आमच्याकडे सप्ताहाची तयारी,
बाबा पेटीच्या भात्याला कापड चिकटवत बसलेले,
मी सायकल काढली, म्हटलं, अभ्यासाला जातो.
स्टेजवर रंगवलेला पत्रा: मँगनीज.
चौघे जण. तू डावीकडे.
तुझ्या अनामिकेचं वरचं पेर मशीनमध्ये गेलेलं,
त्यामुळं, किंवा तसं असूनही, मला अजून ठरवता येत नाही,
तुझा वरचा सूर जरा उशिरा लागायचा.
भरलेला टिपर चढावर गिअर बदलतो
तेव्हा क्षणभर तो कुठल्याच गिअरात नसतो,
तसं.
त्या क्षणात मी उभा होतो, सतरा वर्षांचा,
पायात बाबांच्या चपला.

तुझ्यामुळं वीजखात्यात लागलो म्हणणं खोटं होईल.
मामाची ओळख होती.
पण शहाण्णवला सावर्ड्याच्या हॉलमध्ये
दुसऱ्याच गाण्यात फ्यूज उडाला,
लोक शिट्ट्या मारायला लागले,
आणि इस्त्रीच्या पँटीत खांबावर चढला तो मी.
दिवे आले. तुझा अ‍ॅम्प डुकरासारखा किंचाळला.
तू माइकवर म्हणालास,
‘देव बरें करूं, करंट!’
सगळा हॉल हसला.
तेव्हापासून मला तेच नाव.
बाजारात बांगड्यांचा भाव करता करता ओरडायचास,
‘ए करंट, औंदा बिल चडलां मरे!’
मी सगुण. सांगायचं राहिलं.

मग खाणी बंद झाल्या.
झाडांना पहिल्यांदा त्यांचा रंग दिसला.
ड्रमवाला आंतोन पोर्तुगीज पासपोर्टवर गेला,
बेसवाला बोटीवर,
तू लग्नांत वाजवायचास, सोबत ड्रमचं यंत्र.
एकदा यंत्र पुढं धावलं, तू मागं राहिलास,
मुद्दाम.
वऱ्हाडी जेवत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी खुर्चीवरून उठलो होतो.

काल सिमितेरीत भिंतीपाशी होतो.
वाटलं होतं, पेटीवर गिटार ठेवतील.
फुलं होती.
बँडवाले वाजवत होते, क्लॅरिनेट बेसूर,
तू असतास तर शिवी हासडली असतीस.
रांगेत मीही गेलो, मूठभर माती टाकली.
लाल.
तुझी कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळताना
हीच माती बोटांना लागायची.

रात्री सव्वानऊला तक्रार आली, तुझ्याच वाड्यावरून.
अकरा नंबरचा खांब, चिंचेच्या फांदीनं तार घासलेली.
पोराला म्हटलं, तू शिडी धर, मी चढतो.
‘तात्या, गुडघा दुखतोय ना तुमचा?’
शिडी धर.

वरून तुझी खिडकी दिसते हे मला माहीत नव्हतं.
अंधारात पांढऱ्या चादरी, भाड्याच्या खुर्च्या एकात एक,
मेणबत्ती, तिच्याशी तुझी बहीण.
तार जोडली.
आधी व्हरांडा लागला, मग फ्रिज थरथरला असणार,
आणि कोपऱ्यात, जमिनीलगत,
तुझ्या अ‍ॅम्पचा तांबडा ठिपका.
बटण कुणी बंदच केलं नव्हतं.
त्याची ती गुणगुण एवढ्या वर ऐकू येत नाही.
तरी पक्कड खिशात घालायला मी फार वेळ लावला.

बहीण बाहेर आली, कपाळावर हात धरून वर बघत.
‘कोण रे थंय वयर?’
‘करंट,’ मी म्हणालो.
‘हय रे,’ ती म्हणाली, ‘आयलो, आयलो,’
आणि दार लोटून घेतलं.