चौथा पाय

गंगावेशीतल्या भंगारातून त्यानं ही चूल आणली.
चूल कसली, लोखंडाची म्हैसच,
टेम्पोत चढेना.
पाय तीनच होते.
दारावर कुठल्या विलायती कंपनीचं नाव,
गंजानं अर्धं खाल्लेलं.

चौथा पाय उद्यमनगरात ओतून घेतला,
जिथं एकतीस वर्षं साचे भरले
त्याच फौंड्रीतल्या पोरांकडून, चहाच्या बोलीवर.
तीन पाय वेलबुट्टीचे, हा एक सरळसोट.
शोभत नाही, मी म्हटलं.
"डुगडुगत न्हाई न्हवं?"

खिडकीची काच काढून धुराडं बाहेर काढलं.
वरच्या मगदूमवहिनी वाळत घातलेलं लुगडं घेऊन आल्या,
बोलल्या काही नाहीत,
नुसतं दाखवलं.

आधी बाभळीच्या ढलप्या, मग कोळसा,
हवेची खिटी बोटभर उघडी.
मी चिमटीनं मीठ ओळखते, तो रंगानं आच.
"अजून तांबडी हाय. थांब. नारिंगी होऊ दे."
पांढऱ्या रश्श्याला नारिंगी सोसत नाही,
नारळाचं दूध फुटतं,
हे त्याला दोनदा सांगावं लागलं.
तिसऱ्यांदा पातेलं त्यानंच कडेला सरकवलं.

रात्री दिवा घालवल्यावर
निवतं लोखंड आत टिकटिकत राहतं,
थांबून थांबून.
रातपाळ्यांच्या साऱ्या वर्षांत
हा आवाज मला ठाऊक नव्हता.
त्याचे कान फौंड्रीतच गेले.
अंधारात तो माझ्याकडे वळतो,
"वाजतंय काय गं?"
वाजतंय, मी त्याच्या तळहातावर
बोटानं ठोकून सांगते.