कोणता शिंगाडा?

प्रकाश्याच्या बाजारात पावत्या फाडायला
पहिल्यांदा गेलो तेव्हा
झेलाबाई भोईणीने पाटी पुढे सरकवली :
‘लिखी ल्या साहेब, शिंगाडा.’
पाटीत मिशीवाले, करडे, बिनखवल्यांचे, अजून ओले.
शेजारी तिची धाकटी जाऊ, दगूबाई.
गोणपाटावर हिरवा-काळा ढीग, तळ्याचा चिखल लागलेला.
‘आन् हाऊबी शिंगाडा.’
मी दोन्ही लिहिले.
दहा नि दहा, वीस रुपये.

महिनाअखेरीस तपासणीचा साहेब चष्मा वर करून म्हणाला,
एकाच नावाच्या दोन पावत्या कशा?
यातला उपासाचा कोणता, नि उपास मोडणारा कोणता?
म्हटलं, काटे दोघांनाही आहेत, साहेब.
आणि खालची सही वाचा,
तिसरा मी. शिंगाडे, बा. ना.

मासा मुका असतो, असं शाळेत शिकलो होतो.
झेलाबाईने एक उचलला, तर तो गुरगुरला.
खांद्याच्या खोबणीत काटा घासून,
ओल्या खाटेचा सुंभ आवळावा तसा
कर्र, कर्र.
मी दोन पावलं मागे.
ती हसली. ‘बोलस तो. सोतानं नाव सांगस.’
काय सांगत होता कोण जाणे.
शिंगाडा नक्कीच नाही,
ते तर आपण ठेवलेलं.

दोन्ही एकाच तळ्यातले.
वर वेलीची पानं पसरलेली,
खाली गाळात हा मिशा हलवत पडलेला,
आपल्याच नावाच्या सावलीत.
झेलाबाईचा नवरा कमरेएवढ्या पाण्यात हात घालतो.
टोचलं कोण, ते लगेच कळत नाही.
संध्याकाळपर्यंत विसरला तर फळ,
रात्रभर हात ठणकला तर मासा.

एकादशीला झेलाबाईची पाटी तशीच राहते,
दगूबाईचा ढीग दुपारलाच संपतो.
मग दगूबाई कमरेची पिशवी सोडते,
न मोजता मूठभर नाणी जावेच्या पदरात टाकते :
‘आज मन्हा शिंगाडा, परवा तुन्हा.’
याची पावती मी फाडत नाही.

शाळेत हजेरीला माझं नाव आलं
की मागचा बाक ओरडायचा, ‘उपासाचा, उपासाचा!’
सात वर्षं. मी खाली बघून ‘हजर’ म्हणायचो.

परवा एक विकत घेतला.
शहाद्याच्या एस्टीत पिशवी मांडीवर,
आणि गोमाईच्या पुलावर
तो आतून बोलला.
सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली.
मी पिशवीचं तोंड जरा सैल केलं.