मोंढ्यातला बर्फ

सेलूच्या मोंढ्यात, सरकीच्या पोत्यांपुढं
उभा केला त्यांनी अख्खा सिनेमा.
आगगाडी म्हणजे पाच पोरं अन् एक शिट्टी,
बर्फ म्हणजे जिनिंगातली रुई.

गोष्ट मला तोंडपाठ.
टॉकीजात सात वेळा पाहिलेली :
ती पुलावर पोचते, तो गेलेला असतो.

आज शमीमभाईंच्या पेटीचा भाता अडकला.
कौसल्या गाण्यातच थांबली,
खोकली,
अन् पेटीवाचूनच वरचा सूर लावला,
जरा चिरकाच.

पडद्यावरची कधी खोकली नव्हती.

तेवढ्या उशिरात
तलाठी हापिसातला लव्हाळे
जायचं विसरून
विंगेतनं ऐकत राहिला.
मागून कुणीतरी ओरडलं,
"आता जाऊच नको रे!"

घरी बायको म्हणाली, केसांत काय हे?
बर्फ, म्हणलं.