शिफारसपत्र

दर जानेवारीत मी माझाच वर्ग रिकामा करते,
निळ्या शाईनं, तीन परिच्छेदांत.
"या विद्यार्थिनीला मी दोन वर्षं ओळखते..."
मग लिफाफा, तिकीट, नदीपलीकडचा पत्ता:
एके काळची पोलादाची गिरणी,
आता सगळी काच. अकॅडमी.
मॅग्नेट म्हणतात असल्या शाळेला.
नऊ वर्षांत माझी एकेचाळीस मुलं ओढून नेली तिनं.
ओढून कसली, मीच दिली.

आज शाळा मंडळाची बैठक.
बास्केटबॉलच्या जाळीखाली माइक,
प्रत्येकाला तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
विषय: अकॅडमीच्या जागा दुप्पट कराव्यात का.

मिसेस याब्लॉन्स्की म्हणाल्या,
माझा ऑस्कर दोन वर्षं
संडासाचं दार लावून आत डबा खायचा.
तिथं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं त्याला,
तुझी आवडती मूळ संख्या कोणती?
त्या रात्री पोरगा आनंदानं झोपला नाही.
टाळ्या. मीही वाजवल्या.

बँडचे मास्तर डेलरॉय फेंटन म्हणाले,
ओबो गेला, दोन्ही फ्रेंच हॉर्न गेले,
शुक्रवारच्या मॅचला आम्ही नुसते ड्रम घेऊन उतरतो,
मयताला निघाल्यासारखे.
टाळ्या. मीही वाजवल्या.

डेअरीत जन्म काढलेला म्हातारा हुबर्ट
माइकपर्यंत गेलाच नाही. जागेवरूनच:
साय तुम्ही काढून न्यायची
आणि वर आम्हालाच सांगायचं, दूध पातळ आहे!

मग आकडे. टेकडीवरच्या वस्तीतून साठ मुलं,
कॅनल स्ट्रीटवरून दोन.
पडद्यावरची अक्षरं इतकी बारीक
की मागच्या रांगेला दोन दिसलेच नाहीत.

मग अकरावीतला मॉन्टी ग्रेव्हली उठला.
दोनदा परीक्षा देऊन दोनदा राहिलेला.
म्हणाला, आठवीत प्रयोग होता आम्हाला,
लोखंडाचा कीस आणि लाकडाचा भुसा एकत्र,
वरून चुंबक फिरवायचा.
कीस उडून चिकटायचा.
मग आम्ही कोण?
एवढं बोलून बसला. दिवा हिरवाच होता.
उरलेली अडीच मिनिटं
कुणाला वापरता आली नाहीत.

माझा नंबर एकतिसावा.
उभी राहिले. नाव सांगितलं.
वेस्टगेट हायस्कूल, गणित, एकोणीस वर्षं.
पर्समध्ये रेनिटा ऑडमचं पत्र,
शेवटची ओळ सोडून पुरं झालेलं.
बारा मुलं असली तर कॅल्क्युलसचा वर्ग चालतो,
अकरा झाली की बंद. नियम आहे.
पुढच्या वर्षासाठी बारा नावं आहेत. तिच्यासकट.
मला ऑस्करचं म्हणणं पटलं होतं.
मला ड्रम पटले होते.
पिवळा दिवा लागला तेव्हा मी म्हणाले, "धन्यवाद."
इतिवृत्तात लिहिलं गेलं:
श्रीमती पोलाक, मत नाही.

निर्णय मार्चवर ढकलला.
चेअरमन कोवाल्चिक खुर्च्यांच्या घड्या घालू लागले,
त्यांच्या मदतीला मॉन्टी.

बाहेर उणे अकरा, आणि माझ्या गाडीची बॅटरी मेलेली.
रेनिटाच्या बापानं पावाची व्हॅन शेजारी लावली,
तारा जोडल्या, लाल लालला, काळी काळीला.
पत्राचं एका शब्दानं विचारलं नाही.
थंडी फार आहे, म्हणाला,
आणि पावाची एक लादी माझ्या सीटवर ठेवली.

टॉर्च रेनिटाच्या हातात.
"मिस, मी गेले तर वर्गात किती उरतील?"
"पुरेसे," मी म्हणाले.

इंजिन घरघरलं, लागलं.
तिनं उजेड बॅटरीवरून काढून
हळूच माझ्या तोंडावर आणला.
मी फळ्यावर एखादी पायरी गाळली
की बघते ना,
तशी बघत राहिली.