तीस हजार

पत्रा ठोकला होता तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाला.
कुणाच्या तरी मोबाइलवरून एक यादी फिरली,
यादीत एक नाव, नावापुढं घर नंबर,
आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला
पत्र्यावरूनच पिशव्या फेकून गेला.
म्हणून नावं पुसायचं काम माझ्याकडं आलं
तेव्हा मी ते नीट केलं.

थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात नळ्या, नळ्यांवर नंबर.
बसलिंग हत्तुरे पहाटे चारला गाडी काढायचा पुण्याकडं.
टेंभुर्णीला चहा बंद, भिगवणला चहा बंद.
"पेटीला बर्फ, मला घोटभर पाणी नाही," म्हणायचा.
मग कधीतरी तिकडून फाइल यायची:
ए टी टी ए ए ए जी जी टी टी टी
अशी तीस हजारांच्या आसपास अक्षरं,
नुसती चार, उलटीपालटी,
आणि यंत्राला वाचता आलं नाही तिथं एन एन एन एन,
ताणा तुटल्यावर चादरीत राहतो तसा विरळ पट्टा.

नान्ना चष्मा कपाळावर ढकलून बघत होते.
चाळीस वर्षं त्यांनी जकार्डची कार्डं पंच केली.
भोक म्हणजे तार वर, भोक नाही म्हणजे खाली,
एका मोराला अकराशे कार्डं.
तो मोर कुणीतरी रातोरात उतरवून नेला,
दिवाळीच्या आत चार दुकानांत नाचला.
तेव्हापासून कार्डं कपाटात, चावी करगोट्याला.
"हे कुणाला पाठवतीस?"
सगळ्यांना.
"सगळे म्हणजे कोण?"
ज्यांना बघायचंय ते.
"आणि कुलूप?"
पुढचं ते तेलुगूत बोलले,
मी ऐकू न आल्यासारखं केलं.

फॉर्ममध्ये रकाने: वय. लिंग. तारीख. ठिकाण.
ठिकाणापाशी कर्सर लुकलुकत राहिला.
वस्ती लिहिली असती तर शोधणाऱ्याला सोपं,
पत्रा ठोकणाऱ्यालाही.
मी सोलापूर लिहिलं.
एवढ्या मोठ्या शहरात एक खोकला लपवला
आणि एंटर दाबलं.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा थंड देशातून दोन ओळी:
तुमच्या ०११७ मधला तो एक बदल
आमच्याकडंही दिसतोय. आभार.
आभार कुणाचे, ते लिहिलं नव्हतं.

०११७ कोण, ते मला ठाऊक होतं.
तिचं नाव मी इथंही लिहीत नाही.
सही घेतली होती तिची, पण कागद मराठीत,
ती वाचते तेलुगू, तेही चष्मा सापडला तर.
स्वॅब घेताना ओरडली होती,
"नाकातनं मेंदू काढतीस काय गं?"

बरी होऊन उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, कात्री.
मी सहा फूट लांब, पायरीवर. सगळं सांगितलं.
"म्हणजे माझ्या नाकातलं परदेशात गेलं?"
तुमचं नाही, तुमच्यात शिरला होता त्याचं.
"माझ्यात होतं तोवर माझंच की.
मी अजून हैदराबाद बघितलं नाही."
थोड्या वेळानं,
"किती अक्षरं म्हणलीस?"
तीस हजार.
बोटं थांबली नाहीत. पान, चिमूट, वळ, दोरा.
ओठ तेवढे हलत होते.
"दिवसाला हजार वळते मी.
म्हणजे एक महिना झाला की गं माझा.
महिना दिला म्हणायचा जगाला, बिनपगारी."
हसली, आणि हसण्यातच खोकला लागला.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघी
समोरच्या बंद शटरकडं बघत बसलो.

"लस निघाली तर सांग," म्हणाली.
"आमच्या गल्लीत सगळंच शेवटी येतं.
पत्रा सोडून."