हिरवी रेघ

तार्तूच्या रुग्णालयात, तळघरातल्या खोलीत
मारिका दिवा मालवते.
अंधार केल्याशिवाय ही काच बोलत नाही.

सारेमा बेटावरून परवा आणलेला माणूस, आइवार,
चाळीस वर्षं होड्यांना वार्निश लावणारा.
लघवी तपकिरी झाली तेव्हा बायको म्हणाली,
बिटाची कोशिंबीर जास्त झाली असेल.
मग थुंकीत रक्त आलं.
बीट फुप्फुसात जात नाही.

त्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा शेवईएवढा,
त्याचा काप, त्यावर चमकणारं रसायन,
आणि आता भिंगाखाली
केशवाहिन्यांच्या गुंत्यातून फिरणारी
एक हिरवी रेघ,
कुठे न तुटलेली, न अडखळलेली.

ल्यूपस असता तर ठिपके दिसले असते,
ओबडधोबड, कुणी मूठभर राळे फेकल्यासारखे.
ही रेघ सुबक आहे.
मारिकाला त्या सुबकपणाचीच धास्ती वाटते.
हिरवं विझायच्या आत ती फोटो काढून घेते.

गाळणीच्या पडद्यात, तीन पदरांच्या पिळात
एक अक्षर घडी घालून ठेवलेलं होतं.
रक्षकांना सगळं घर दाखवलं,
तेवढं दाखवायचं राहिलं.
मग कशानं तरी घडी उलगडली.
वार्निशच्या वाफेनं? सिगारेटनं? एखाद्या साध्या सर्दीनं?
प्रतिपिंडं आली, त्यांनी ते वाचलं,
परकी लिपी समजली,
आणि ओळीनं ओळ धरून बसली.

कुंपणानं शेत खाल्लं, म्हणायला सोपं.
कुंपणाला शेत कधी कुणी
पुरतं दाखवलं होतं?

उजेडातल्या काचेवर चंद्रकोरी.
बावीस गुच्छांपैकी सतरांत.
एका आभाळात इतक्या कोरी असू नयेत.

ती फोन उचलते.
"रेघ आहे," एवढंच सांगते.
पलीकडे डॉक्टर राउडसेप काही बोलत नाहीत,
नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज.

संध्याकाळी यंत्र लागतं.
रक्तातलं पिवळं पाणी निघून पिशवीत साठत जातं,
फिकट, जुन्या मधाच्या रंगाचं.
त्यात ती असतील,
अजून शोधत,
अजून खात्रीनं.

आइवार त्या पिशवीकडे पाहतो
आणि नर्सला विचारतो, सुट्टी कधी?
शेडमध्ये एक होडी उलटी ठेवलीय.
पहिला हात आता वाळला असेल,
दुसरा द्यायचाय.