चौदा ते सतरा

बाकेलाइटचा खोका, उदी रंगाचा,
एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
आईच्या कारखान्यात तेव्हा पगाराऐवजी
जे असेल ते द्यायचे: आगपेट्या, साबण,
एकदा तर नुसते डावे बूट.
त्यातच कधीतरी हा आला,
भिंतीवर चित्रं पाडणारा प्रोजेक्टर
आणि फिल्मची एकुलती एक पट्टी.

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज
पाहुणीसारखी यायची
आणि चहाला आधण येण्याआधीच उठायची.
म्हणून एल्गुजामामानं सायकल स्टँडवर चढवली,
डायनामोची वायर खोक्यात खुपसली
आणि पायडल मारायला बसला.
स्वयंपाकघरातल्या चादरीवर
एक शिंपी उगवला.

मामा दमला की शिंपी पिवळा पडायचा.
मामाला चेव आला की पांढराफटक.
"तिबिलिसीला जाऊन आलो बघा,"
घाम पुसत मामा म्हणायचा, जागच्या जागी.

गोष्ट एवढीच: शिंपी, त्याचं बदक, त्याची कात्री.
तेराव्या चित्रात बदक कात्री चोचीत धरून दाराबाहेर पळतं.
अठराव्यात शिंपी छपरावर उभा,
अनवाणी, हसतोय.
मधली चार जळलेली.
खरी वीज आली होती त्या एका दिवशी
माझा भाऊ बाद्री दिवा तसाच ठेवून
पावाच्या रांगेत गेला होता.
चादरीवर तिथे नुसता
कडा करपलेला उजेड यायचा.

चित्राखालची अक्षरं रशियन.
मला अजून आमची तेहेतीससुद्धा धड येत नव्हती.
मग मीच सांगायचे.
कधी शिंप्याला बदकानं उडवत नेलं.
कधी खाली पूर आला.
कधी त्यानं सगळे कपडे शिवून एकच शिडाचं कापड केलं
आणि घरच हाकारलं.
जिन्यातली पोरं आपापल्या खुर्च्या घेऊन यायची,
कोणी रॉकेल आणायचं, कोणी मूठभर अक्रोड,
आणि चौदा आलं की सगळे माझ्याकडे बघायचे.
मामा पायडल मारत राहायचा,
मला सुचेपर्यंत.

एकदा तिसऱ्या मजल्यावरची लामारा आली.
तिचा नवरा लढाईवर गेलेला,
ती कोणाकडे जात नसे.
दाराशीच उभी राहिली, शाल न काढता.
त्या रात्री मला काहीच सुचेना.
मामाला धाप लागली, उजेड थरथरला,
तेव्हा तीच बोलली:
"छपरावरून रस्ता लांबपर्यंत दिसतो.
बूट खालीच काढले त्यानं,
पावलं ऐकू यावीत म्हणून."
"आणि हसतोय का?"
धाकट्या कुणीतरी विचारलं.
लामारानं चादरीकडे पाहिलं.
"तुम्हीच सांगा," म्हणाली
आणि जिना चढून गेली.
मी घरी सांगितलं नाही,
पण त्या रात्री पहिल्यांदा
कोळशानं, आगपेटीच्या आतल्या बाजूवर,
चौदावं चित्र काढलं.
दुसऱ्या दिवशी ते आवडलं नाही.
पुन्हा काढलं.

आता मी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करते.
एक पान कोरं सोडते.
छापखान्यातून दर वेळी फोन येतो,
बाई, फाइलमध्ये काहीतरी राहिलंय.

परवा कोरड्या पुलावरच्या जुन्या बाजारात,
पदकं आणि समोवारांच्या मधे,
ॲल्युमिनियमची एक डबी दिसली.
तोच शिंपी. धड, अखंड.
म्हाताऱ्यानं पाच लारी मागितले, मी घासाघीस केली नाही.
तिथेच आभाळाकडे धरून पाहिली.

चौदा: शिडी.
पंधरा: शिंपी शिडीवर.
सोळा: शिंपी अजून शिडीवर.
सतरा: चिखलानं भरलेले बूट काढतो.

बस्स.
मी इतकी हसले की म्हाताऱ्यानं पैसे पुन्हा मोजले.

बाद्रीला फोन लावला.
तो पोझ्नानजवळ ट्रक चालवतो.
सगळं सांगितलं. बराच वेळ
नुसतं इंजिन ऐकू येत होतं,
मग मामाच्या पायडलसारखी
त्याची धापही.

"शिडी?" तो म्हणाला.
"छे. चुकीचं छापलंय."